साडेतीन सुताचा पट्टा

“बाबा, त्या गाडीत मी तिला बसवणार नाही.”

लेकीनं पुण्याहून फोनवर हे सांगितलं तेव्हा मी त्याच गाडीची काच पुसत होतो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पिवळं फडकं. मी पुसलेली काच पुन्हा पुसली.

ती म्हणजे माझी नात, चौदा महिन्यांची. तिचं जावळ काढायचं ठरलं होतं, मंगळवेढ्याच्या पलीकडे आमच्या मूळ गावी, कुळाच्या देवापुढं. आणि ती गाडी म्हणजे माझ्या वडिलांची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. त्या काळात आपल्याकडे रस्त्यावर मुख्यतः दोनच प्रकारच्या गाड्या दिसायच्या, एक पोट सुटलेली आणि एक चौकोनी. आमची चौकोनी. पोट नंतर मला सुटलं.

याच गाडीतून लेकीला तिच्या जावळाला नेलं होतं. वडील चालवत होते, बायको पुढच्या सीटवर, तिच्या मांडीवर लेक. मागं मी, माझी आई आणि आमच्या दोघांच्या मधे पुरणपोळ्यांचा डबा. डब्याला सगळ्यांत जास्त जागा होती. त्या दिवसाचा फोटो आहे घरात. नात झाल्यापासून मी मनातल्या मनात तसाच दुसरा फोटो काढून ठेवला होता. त्यात चालवायला मी होतो.

“अगं, तू याच गाडीतून गेली होतीस,” मी म्हणालो. “काही झालं का तुला?”

“तेव्हा झालं नाही म्हणून आता होणार नाही का? त्या गाडीला बेल्ट कुठं आहेत?”

“बेल्ट नव्हते तेव्हा. मांडी होती.”

“बाबा, गाडी चाळीसनं चालली असताना धाडकन ब्रेक लागला ना, तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही. कुणाच्याच नाही.”

बायकोनं तिला किती घट्ट धरलं होतं ते मला आठवत होतं. पण ते फोनवर कसं सांगणार?

“बेल्ट बसवा. खरेखुरे. सगळ्यांना. मग बघू,” लेक म्हणाली आणि तिकडे नात रडायला लागली म्हणून तिनं फोन ठेवला.

तिनं चार गोष्टी सांगितल्या होत्या. मी तीन ऐकल्या. राहिलेली कोणती, ते मला महिनाभरानं कळलं.

आता गाडीच्या बाबतीत माझं ज्ञान किती, ते आधीच सांगून टाकतो. मी टॉवेलच्या कारखान्यात सूत खरेदी बघतो. तीस वर्षं झाली. सूत म्हटलं की माझी चिमूट आपोआप वळते, धागा पिळून बघायला. गाडीचं मात्र मला चालवणं येतं आणि पुसणं येतं. त्यातलं पुसणं जास्त चांगलं येतं, असं बायकोचं मत आहे.

त्यामुळे मी जे सगळे करतात तेच केलं. सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात गाडीच्या सामानाचं दुकान आहे, तिथं गेलो.

“बेल्ट पाहिजेत.”

“फॅन बेल्ट?”

“सीट बेल्ट.”

“सीट बेल्टचं कव्हर ना? मऊ येतंय बघा, खांद्याला घासत न्हाय.”

“कव्हर नाही हो, बेल्टच. गाडीला मुळातच नाहीत.”

दुकानदारानं माझ्याकडे नीट बघितलं. मग काउंटरखालून एक चपटी लोखंडी जीभ काढली आणि माझ्या हातावर ठेवली. “मग ह्ये घ्या. खाचेत घातली की गाडी ओरडायची बंद. बेल्ट लावायला नको, काय नको.”

“पण माझी गाडी ओरडतच नाही.”

“मग तुमाला बेल्ट कशाला पायजे?”

त्याच्या दुकानात लोक बेल्ट न लावण्यासाठी येत होते आणि मी लावण्यासाठी आलो होतो. दोघांपैकी चूक कोण, याचा मला तिथं उभ्या उभ्या संशय यायला लागला. शेवटी मी गाडीत ठेवायची मोगऱ्याच्या वासाची डबी घेऊन घरी आलो.

लेकीला हे सांगितल्यावर ती हसली नाही. तिनं स्वतःच चार बेल्ट मागवले आणि घरी पार्सल पाठवलं. कंबर आणि खांदा दोन्ही धरणारे, गुंडाळी असलेले, पास झालेल्या मालाचा शिक्का असलेले. सोबत बोल्टांची पिशवी आणि बारीक अक्षरातलं इंग्रजी पत्रक. पत्रकात चित्रं पुष्कळ होती. प्रत्येक चित्राला फुली मारलेली होती. असं करू नका, तसं करू नका. काय करा, याचं चित्र एकच होतं आणि त्यात फक्त बाण होते.

मी एक गुंडाळी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि पट्टा ओढला. येईना. जोर लावला. येईना. दुसरी घेतली, तीही तशीच. चारही गुंडाळ्या ओढून झाल्यावर मी लेकीला फोन लावला.

“चारही खराब आलेत. परत पाठवतो.”

“कसे धरलेत?”

“धरलेत कुठं, टेबलावर ठेवलेत. आडवे.”

“उभे धरा.”

उभा धरला, तर पट्टा भिंगरीसारखा सुर्रकन बाहेर आला. जरा तिरका केला, गच्च. सरळ केला, सुर्र. गाडी आपटली किंवा कलली की त्यानं अडावं म्हणून तो तसाच केलेला असतो, असं लेकीनं समजावलं. मी तो अर्धा तास सरळ आणि तिरका करत बसलो होतो.

“म्हणजे सरळ असला की ऐकतो आणि तिरका झाला की अडून बसतो,” मी बायकोला सांगितलं.

“घरात एक आहे तसा,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी बेल्टांचं खोकं घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री म्हणजे अक्कलकोट रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्या जिवंत ठेवणारे गृहस्थ. साठीचे. घराणं मंगळवेढ्याच्या दुष्काळी बाजूचं, घरी मेंढरं. हे मात्र लहानपणीच मेंढरं सोडून गाड्यांच्या मागं लागले. माझ्या वडिलांना ते ‘मोठे मालक’ म्हणायचे. मला नुसतं ‘मालक’ म्हणतात. सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात, त्यामुळे मी त्याचा आनंद फारसा मानत नाही.

मी पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला न बघितला आणि फळीवर ठेवला.

“मालक, ह्ये दावं झालं. खुंटा कुटाय?”

“खुंटा?”

“जनावर कशाला बांदता तुमी? दाव्याला?”

“हो.”

“न्हाय. खुंट्याला बांदता. दावं मदी असतंय.” ते गाडीत शिरले, मागची सीट उचलून बाहेर काढली, खालची जाजमं गोळा केली. “पावसानं काळं रान भिजल्यालं असलं आन् त्यात खुंटा ठोकला, तर नवंकोरं दावं असून म्हस जातीया. दावं तुटत न्हाय. खुंट्यासकट जातीया. लांब खुंटा फरफटत मागनं. म्या बगितलंय. मार बी खाल्लाय.”

असं म्हणून त्यांनी एक जुना पेचकस घेतला आणि सीटखालच्या पत्र्यावर टेकवला. ठोकला नाही, दाबला नाही, नुसता टेकवला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर काढला, तेव्हा त्या भोकातून उजेड आला. मी वाकून बघितलं. माझ्या वडिलांच्या गाडीत बसून मला खालची माती, एक सुपारीचा कागद आणि एक मुंगी दिसत होती.

“हितं बांदनार व्हता नातीला?” मिस्त्री म्हणाले.

मी तीस वर्षं ही गाडी वरून पुसत होतो. काच, दारं, आरसा, वडिलांच्या हातानं गुळगुळीत झालेलं स्टेअरिंग. वडिलांनी रेडिओच्या काडीसाठीसुद्धा कधी गाडीला भोक पाडू दिलं नव्हतं. आणि भोकं आधीच होती. जाजमाखाली.

मग त्यांनी काय काय करावं लागेल ते सांगितलं आणि मी मान डोलावली. कुजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा. जिथं बेल्ट अडकवायचा तिथं खालून तळहाताएवढी जाड लोखंडी प्लेट जोडायची, म्हणजे झटका एका भोकावर न येता सगळ्या पत्र्यावर पसरेल. दोन खुंटे कमरेचे खाली, एक खांद्याचा, दारामागच्या खांबात. तो खांब पोकळ, म्हणून आतून प्लेट. गुंडाळी सरळ बसली पाहिजे, पट्टा कुठं धारेवर घासता कामा नये, सीटसुद्धा हलता कामा नये. यातलं मला किती समजलं? दावं आणि खुंटा. बाकीच्या वेळी मी मुंगीकडे बघत होतो.

“जावळाच्या आदी व्हईल?” मी त्यांच्यासारखंच बोलायला लागलो होतो. घाबरलो की मी समोरच्यासारखा बोलतो.

“तुमी मदी मदी आला न्हाय तर व्हईल.”

म्हणून मी गेलो नाही. हीच चूक झाली म्हणा, किंवा गेलो असतो तर दुसरी झाली असती.

जावळाला बारा दिवस राहिले होते. कारखान्यात नव्या सुताचा ट्रक आलेला, आजूबाजूला माग चालू, त्यात मिस्त्रींचा फोन. तिकडेही काहीतरी घासायचं मशीन ओरडत होतं.

“मालक, आखूड पडतंय!”

“काय?”

“आखूड! प्लेट टाकल्यावर आखूड पडतंय. कंपनीचं चालत न्हाय.”

“मग काय करायचं?”

“साडेतीन सुताचं आना. लांब. हाय टेन्शनवालं. साधं नगं बरं का, जीवाचा खेळ हाय.”

साडेतीन सुताचं! आता हा प्रांत माझा होता. इतके दिवस सगळे मला शिकवत होते; आता पहिल्यांदा कुणी माझ्या भाषेत बोलत होतं.

“रंग?” मी विचारलं.

“रंग? काळंच असतंय की.”

“किती आणू?”

“धा-बारा आना. जास्त असू द्या.”

दहा-बारा काय, हे मी विचारलं नाही. पट्टा फुटातच मोजतात.

तर माझ्या डोक्यात चित्र असं होतं: प्लेटा टाकल्यामुळे बेल्ट आखूड पडतोय, म्हणून त्याला जोड द्यायला तसाच काळा पट्टा हवा, साडेतीन सुताचा, ताण सहन करणारा. आणि सोलापुरात राहून विणलेली वस्तू मिळणार नाही तर कुठं मिळणार? संध्याकाळी मी पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, माझ्या मित्राकडे गेलो. तो तिसऱ्या पिढीचा विणकर, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, मागाशी दोन्ही. टॉवेल आम्हाला देतो आणि बाजूला एका अरुंद मागावर नवार आणि बॅगांचे पट्टे विणतो.

“साडेतीन सुताचा पट्टा विणायचाय,” मी म्हणालो.

“तीन पदरी होतंय. चार पदरी होतंय. साडेतीन कुठून आणू मी?”

“मिस्त्रींनी साडेतीनच सांगितलंय. जीवाचा खेळ आहे म्हणाले.”

“अय्यो. मग चार घे ना. अर्धा जास्त. जीवाला चांगलंच की.”

“नको, जाड झाला तर खाचेत जायचा नाही.”

हे मी इतक्या खात्रीनं बोललो की त्याचा विश्वास बसला. खरं तर खाच म्हणजे नक्की कोणती ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं अर्धं सूत म्हणजे काय, यावर एक तास बोललो. त्याची बायको दोनदा चहा देऊन गेली आणि दुसऱ्यांदा तेलुगूत काहीतरी म्हणाली, तेव्हा तो एकटाच हसला. शेवटी तोडगा त्याचाच: तीन जाड पदर आणि एक निम्म्या जाडीचा. पॉलिएस्टरचं, काळं, सगळ्यांत ताणाचं सूत. ते मी स्वतः निवडलं, पिळून बघितलं, दातानं ओढून बघितलं. माग लावायला दोन दिवस गेले, विणायला एक, आणि त्याला वेळ नव्हता म्हणून एक. चौथ्या दिवशी त्यानं बारा फुटांचा पट्टा माझ्या हातात ठेवला. इतका सुंदर पट्टा मी आयुष्यात बघितला नाही. दोन्ही कडांना बारीक तांबडी रेघ होती.

“रेघ कशाला? काळाच सांगितला होता.”

“नातीसाठी आहे म्हणालास ना. मग नुसतं काळं कसं द्यायचं?”

तो पट्टा घेऊन मी शेडवर गेलो. गाडी मागच्या बाजूनं उचललेली, मिस्त्री खाली आडवे. मी पट्टा उलगडून त्यांच्या पोटावर ठेवला. ते सरपटत बाहेर आले. पट्टा उलटा केला, सुलटा केला, वास घेतला.

“ह्ये काय हाय?”

“साडेतीन सुताचं. लांब. हाय टेन्शन.”

“मालक, बोल्ट कुटायत?”

“कसले बोल्ट?”

मिस्त्री उठले, कपाटातला एक गंजका बोल्ट आणला आणि पट्टी लावून दाखवली. “सूत म्हंजी इंचाचा आटवा भाग. साडेतीन सूत म्हंजी बोल्टची जाडी. प्लेट जाड झाली म्हनून कंपनीचं बोल्ट आखूड पडत्यात. लांब बोल्ट सांगितलं म्या. काळं. कडक लोखंडाचं. बारा.”

“तुम्ही बोल्ट शब्दच उच्चारला नाही हो.”

“आता गाडीच्या मिस्त्रीनं साडेतीन सूत म्हनल्यावर काय गोधडी आसंल व्हय?”

तीस वर्षं सुतात घालवलेल्या माणसाला सूत म्हणजे काय ते माहीत नव्हतं, असं कुणाला सांगायचं? मी हळूच विचारलं, “मग जोड म्हणून हा पट्टा मधे शिवला तर...”

मिस्त्रींनी हातातला बोल्ट खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मस्करी नव्हती. “मालक, एक ध्यानात ठेवा. कंपनीच्या पट्ट्याला जोड न्हाय द्यायचा, शिवायचा न्हाय, भोक पाडायचं न्हाय. कुनाच्या ठोकल्याल्या गाडीतला जुना काढून बी लावायचा न्हाय. त्यो एक झटका खाल्लेला असतोय. लेकराला शिवल्याल्या दाव्यानं बांदू नगा.”

मग गडगडून हसले. शेडमधल्या सगळ्यांना बोलावून तांबडी रेघ दाखवली.

बोल्ट मिळायला आणखी दोन दिवस गेले. हार्डवेअरच्या तीन दुकानांत मी ‘साडेतीन सूत’ म्हणायच्या आधी ‘बोल्ट, बोल्ट’ असं दोनदा म्हणत होतो, एका दुकानदारानं विचारलं, “ऐकायला कमी येतंय का काका?” मिळाले ते सहाच. बाकीचे मागवावे लागतील म्हणाले. मिस्त्रींनी आधी मागची सीट घेतली. “पोरीचं आदी,” म्हणाले.

लेक, जावई आणि नात जावळाच्या आदल्या दिवशी दुपारी आले. गाडी अंगणात उभी होती, धुऊन पुसून. मागच्या सीटवर दोन काळे बेल्ट. लेकीनं बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. मागच्या दारातून आत गेली, एक बेल्ट दोन्ही हातांत धरला, पाय पुढच्या सीटला लावला आणि मागं झोकून ओढला. आमच्या लग्नात रस्सीखेच झाली होती, तेव्हा वऱ्हाडातल्या कुणी इतका जोर लावला नव्हता. काही हललं नाही. तिनं वाकून खाली प्लेट चाचपली. गुंडाळी सरळ आहे का बघितली. मग पुण्याहून आणलेली बाळाची खुर्ची आत ठेवली, तिला बेल्ट लावला आणि खुर्ची हलवून बघितली. गाडी हलली, खुर्ची नाही.

“कुणी केलं हे?”

“मिस्त्रींनी,” मी म्हणालो आणि त्यांची दाव्याची आणि खुंट्याची गोष्टही तिला सांगितली. “देखरेख माझी.”

आत बायको हसली, ते मला ऐकू आलं.

“छान झालंय, बाबा.” लेक बाहेर आली. मग तिनं पुढचं दार उघडलं. पुढं, जिथं मी बसायचो, तिथं तीच जुनी सीट होती. नुसती. “आणि तुमचा?”

“माझा काय?”

“तुमचा बेल्ट. आईचा बेल्ट.”

“पुढचे व्हायचेत अजून. सहा बोल्ट यायचेत, आणि माझ्या बाजूचा पत्रा जरा जास्त कुजलाय. पण मी चालवणार गं, मला स्टेअरिंग आहे धरायला. तुझी आई मागं बसेल.”

“मी सगळ्यांना म्हणाले होते.”

तेव्हा मला ती चौथी गोष्ट आठवली. सगळ्यांना. मला वाटलं होतं, सगळ्यांना म्हणजे तिला आणि नातीला. मी माझ्या फोटोत होतो, पण तिच्या ‘सगळ्यांत’ मी आहे हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

“फक्त उद्याच्या दिवस,” मी म्हणालो. “चाळीसच्या वर नेत नाही.”

“बाबा, तुम्ही काचेतून बाहेर गेल्यावर गाडी कोण चालवणार आहे? ती?” तिनं नातीकडे बोट दाखवलं. नात माझा चष्मा चावत होती.

मी वाद घालून बघितला. वडिलांचं नाव काढलं, फोटोचं नाव काढलं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, त्या दिवशी मी तिला इतकं घट्ट धरलं होतं की दोन दिवस हात दुखत होते माझे. कशाला धरलं असेल? मला काय भीती नव्हती?” इतक्या वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. फोटोत तर ती हसते आहे.

मग मी गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जावयांच्या नव्या गाडीतून गेलो. माझा मुलगा, म्हणजे नातीचा मामा, वैरागहून परस्पर आला. जावळ त्याच्या मांडीवर झालं, आणि मांडी तिथं अगदी योग्य जागी होती. नात इतकी रडली की न्हाव्यालाच पाणी द्यावं लागलं. येताना-जाताना मी मागं बसलो होतो, आणि मी बेल्ट लावेपर्यंत ती गाडी सारखी टुंग टुंग ओरडत होती. मला सात रस्त्याच्या दुकानदाराची आठवण झाली.

लेकीनं रजा दोन दिवस वाढवली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी मिस्त्रींच्या शेडवर जाऊन बसलो. “मालक, मदी मदी येऊ नगा,” ते म्हणाले, तरी बसलो. राहिलेले बोल्ट आले. माझ्या बाजूचा पत्रा त्यांनी हातभर कापून काढला आणि तो कुजका तुकडा मला दिला. दोन बोटांत धरला की त्याचा भुगा होत होता. याच्यावर मी इतकी वर्षं पाय ठेवून बसत होतो.

तांबड्या रेघेच्या पट्ट्याचं म्हणाल, तर बायकोनं तो वापरून पाहुण्यांच्या गाद्यांची वळकटी बांधून माळ्यावर टाकली आहे. अर्धं सूत जास्त आहे की कमी, कुणास ठाऊक. गाठ मात्र सुटत नाही.

लेक निघायच्या दिवशी सकाळी गाडी अंगणात आली. तिनं माझा बेल्ट ओढला. बायकोचा ओढला. बेल्टची खालची पट्टी माझ्या पोटावर आली होती, ती तिनं खाली ओटीपोटाच्या हाडावर सरकवली. “पोटावर नाही, बाबा. इथं.” पोट मधे येत होतं, पण ती त्याबद्दल काही बोलली नाही. नात मागं, आमच्याकडे पाठ करून खुर्चीत, शेजारी लेक. जावई फोटो काढायला बाहेर राहिले.

आम्ही फार लांब गेलो नाही. सात रस्त्यापर्यंत गेलो, वळसा घातला, परत आलो. तीसच्या वर मी गेलो नाही. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी हात जोडले. वाटेत नात एकदाही रडली नाही, ती कशाकडे बघत होती ते मला दिसत नव्हतं, फक्त लेक सांगत होती, “माडाकडे बघतेय. आता रिक्षाकडे. आता झोपली.” मला आरशात नुसती खुर्चीची पाठ दिसत होती, आणि ती हलत नव्हती.

अंगणात गाडी थांबवली. झोपलेल्या नातीला आपणच उचलून घरात न्यायचं, असं मी सात रस्त्यापासून ठरवलं होतं. घाईनं दार उघडलं, उतरायला झोक घेतला, आणि कुणीतरी मागून गच्च धरावं तसा धपकन सीटवर परत आलो. चष्मा नाकावरून तोंडावर आला.

“काय झालं?” मला खरंच कळेना.

मागून लेक हळू आवाजात, बाळ उठू नये म्हणून, पण पोट धरून हसत होती.

“काही नाही, बाबा. खुंटा पक्का आहे.”